वाचकांचे प्रश्न: नाटोची उधारी कोणाकडे?

प्रश्न: टीव्हीवर सारखं सांगतात, युरोपवाले अमेरिकेचे पैसे बुडवतात. खरं काय?
– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर: भाऊ, अशी उधारीच नाही. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिच्या २०१४ च्या वेल्समधल्या बैठकीत ठरलं ते एवढंच, की दहा वर्षांत प्रत्येक देशानं आपला संरक्षणखर्च जीडीपीच्या (म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) २ टक्क्यांकडे न्यावा. पैसा आपापल्या फौजेवर, आपापल्या तिजोरीतून. आपल्याकडे रानडुकरांसाठी जागल असते ना, तसं. ज्यानं त्यानं आपल्याच वावरात मचाण बांधायचं. एकानं टाळलं तर धुऱ्यापलीकडच्याला ताप होतो, तो चिडतोही. पण त्याचं देणं काही निघत नाही. नाटोचा सामायिक निधी वेगळा, आणि त्यामानानं लहान.

जून २०२५ मध्ये हेगला २०३५ पर्यंतचं नवं लक्ष्य ठरलं, ५ टक्के. आमच्या घरच्या टीव्हीवर तो ५ चा आकडा लालभडक नाचत होता. त्यातले ३.५ थेट सैन्यावर आणि १.५ पूल-रस्ते, सायबर सुरक्षा असल्या कामांवर, हे मात्र मला पेपरात आतल्या पानावर सापडलं. (चिडलेल्या ट्रम्पचं चित्र दाखवणं सोपं, हिशेब मांडायला मेहनत लागते.) स्पेन तेवढा अडून बसला, त्याचं म्हणणं, आमचं २.१ टक्क्यांत भागतं.