रोजचं ऑफिस आणि रविवारचा थरार: दोन्ही एकाच हप्त्यात बसवावेत का?

प्रश्न: माझं हातात येणारं वार्षिक उत्पन्न १०० धरा. मनात भरलेली स्पोर्ट्स कार १२० ला आहे. ही रेस ट्रॅककडे झुकणारी आवृत्ती आहे: कडक सस्पेन्शन, पाठ न कलणारी बकेट सीट, सिरॅमिक ब्रेक (उष्णता सोसणाऱ्या महागड्या डिस्कचे). हाताशी ४० आहेत, उरलेल्या ८० चं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी मिळतंय. आपत्कालीन निधी ४ महिन्यांच्या खर्चाइतका आहे. सध्याची सेदान ६ वर्षांची आहे, तिच्यावर कर्ज नाही. ती विकून येणारे पैसे नव्या गाडीच्या विमा-नोंदणीत जातील आणि एकच गाडी राहील. ऑफिस २२ किलोमीटरवर आहे, पाठ अधूनमधून धरते. पार्किंगच्या जागा दोन आहेत. त्याच कारची आरामदायी आवृत्ती ८५ ला मिळते आणि जुनी, हलकी टू-सीटर २५ च्या आसपास. काय करावं?

उत्तर: दोन पार्किंग असताना सेदान विकू नका. २५ ची टू-सीटर रोख घ्या. १२० ची गाडी या कर्जावर तर घेऊच नका. कारणं पैशाची आहेत तशी गाडीच्या बांधणीचीही आहेत, आणि तुमच्या बाबतीत ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी हप्ता पाहू. ८० चं कर्ज, ९ टक्के, ८४ महिने म्हणजे महिन्याला साधारण १.२९, वर्षाला १५.४. एकूण फेड १०८ च्या घरात, त्यात व्याज २८. वाहनकर्जासाठी एक जुना ठोकताळा आहे: किमान २० टक्के स्वतःचे, मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं, आणि हप्ता व विमा धरून वाहनाचा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत. तुमचे स्वतःचे ३३ टक्के आहेत, ही अट पार पडते. बाकी दोन्ही मोडतात, तेही टायरचा खर्च धरण्याआधीच.

मुदत लांबवली की हप्ता सुसह्य वाटतो, पण मुद्दल हळू उतरतं. ३ वर्षांनी तुमच्या डोक्यावर जवळपास ५२ शिल्लक असतील. तेव्हा गाडी मूळ किमतीच्या ६० टक्क्यांना गेली असं समजू, म्हणजे ७२ ला. कर्ज फेडून हातात २० येतील, तुम्ही घातले होते ४०, आणि मधल्या काळात ४६ हप्त्यांत गेलेले असतील. वर्षाचा हिशेब केला तर घसारा १६ आणि व्याज ६, असे २२. विमा, टायर, सर्व्हिसिंग याच्या वर.

थरारासाठी एवढं मोजायला हरकत नाही, पण तो थरार किती तास मिळणार? रोजच्या ४४ किलोमीटरच्या गर्दीत ५०० अश्वशक्तीचं इंजिन आणि साधं इंजिन यांची मजा जवळपास सारखीच. उरतात महिन्याचे दोन-तीन रविवार. बाकीचे दिवस तुम्ही कडक स्प्रिंगचे धक्के पाठीवर घेणार आणि त्याचा हप्ताही भरणार.

आता बांधणीकडे येतो, कारण खरा निर्णय इथेच आहे. गाडीतल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही कारखान्यातून येतात तशाच राहतात. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चाकांचं अलाइनमेंट हे सगळं एका दिवसात बदलतं आणि नको झालं तर परत पूर्वीसारखं करता येतं. वजन, जमिनीपासूनची उंची, दाराच्या उंबऱ्याची रुंदी, ध्वनिरोधक थर, इलेक्ट्रॉनिक डॅम्पर (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर) यांना मात्र तुम्ही सहजासहजी हात लावू शकत नाही. डॅम्पर बदलता येतात म्हणणारे भेटतील. पण रस्त्यानुसार मऊ-कडक होणाऱ्या डॅम्परना सेन्सर, वायरिंग आणि नियंत्रण युनिट लागतं, ते मागाहून बसवणं क्वचितच परवडतं. सीट बदलावी म्हटलं तर तिच्यात साइड एअरबॅग असते. ती निघाली की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि पुढे विम्याच्या दाव्यात प्रश्न उभे राहतात.

म्हणून आरामदायी गाडीत थरार वाढवणं स्वस्त पडतं आणि कडक गाडीत आराम घालणं महाग. शिवाय कडक आवृत्ती मऊ केली की तिची पुनर्विक्रीची किंमत पडते, कारण ती घेणाऱ्याला कारखान्यातली मूळ रचनाच हवी असते.

एकच गाडी दोन्ही कामं करू शकत नाही, असं माझं म्हणणं नाही. होंडाच्या १९९० च्या एनएसएक्सने मधल्या इंजिनाची गाडीही रोज चालवता येते हे दाखवलं. २००२ पासून कॅडिलॅकमध्ये आणि मग कॉर्व्हेटमध्ये आलेल्या चुंबकीय द्रवाच्या डॅम्परनी मऊ आणि कडक यातली निवड एका बटणावर आणली. तंत्रज्ञान आहे, पण ते नव्या आणि महाग गाड्यांत आहे. तुमचं उत्पन्न १०० आहे, ३०० नाही.

हलक्या गाडीचं गणित वेगळं असतं. पहिली लोटस एलिस (१९९६) जेमतेम ७२५ किलोची होती. मॅझ्दा एमएक्स-५ (१९८९ पासून) पिढीनुसार साधारण १,००० ते १,१०० किलोची. ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे हलक्या गाडीचे टायर आणि पॅड लहान, स्वस्त आणि जास्त टिकणारे. वळणाचा आनंदही कायद्यातल्या वेगात मिळतो. १२० च्या गाडीचा तो आनंद ज्या वेगाला सुरू होतो, तिथे परवाना जायची पाळी येते.

तुमच्या ४० ची विभागणी मी अशी करेन: २५ गाडीला, ५ तिच्या दुरुस्तीसाठी बाजूला, आणि १० आपत्कालीन निधीत. घरखर्च उत्पन्नाच्या ६० टक्के असेल तर या १० ने निधी ४ महिन्यांवरून ६ महिन्यांवर जातो. टू-सीटरचा वर्षाचा घसारा २ आणि विमा-दुरुस्ती २.५ धरा, सेदानचा विमा आणि देखभाल ३. दोन्ही मिळून ७.५. वरच्या २२ शी ताडून पाहा. जो १.२९ चा हप्ता भरायची तुमची तयारी होती, त्यातले ०.६ दरमहा गुंतवले आणि ८ टक्के परतावा मिळाला, तर ७ वर्षांत सुमारे ६७ जमतील. ८ टक्क्यांची हमी कुणी देत नाही. पण परतावा शून्य धरला तरी ५० तुमचेच राहतात.

जुनी टू-सीटर घेताना पैसे कुठे बुडतात ते सांगतो. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत कापडी छताच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात, पाणी दाराखालच्या उंबऱ्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग चकचकीत दिसतो. लिफ्टवर चढवून उंबरे आणि मागच्या चाकांच्या कमानी दाबून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. एलिसची चौकट चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. ती वाकली तर सरळ करून घेण्याचा प्रश्नच नाही, आणि पुढचं आवरण एकसंध असल्याने छोट्या ठोकरीचं बिलही मोठं येतं. पाठ धरणाऱ्या माणसाने एलिसच्या रुंद उंबऱ्यावरून आत-बाहेर करून बघावं. माझा कल एमएक्स-५ कडे आहे.

टायरच्या बाजूवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. ६ वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही खोल दिसली तरी बदलायचे, आणि तो खर्च सौद्यातून वजा करायचा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असावा लागतो, ओलं झाल्यावर १५५ पुरतो. घाटात ब्रेक तापले की ओलं ऑइल लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं, म्हणून दर २ वर्षांनी बदला. रविवारचीच गाडी असल्याने बॅटरीला मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवा. इंजिन पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय मात्र नको. तेल नीट तापत नाही आणि त्यात ओलावा साठतो. ट्रॅकवर न्यायची असेल तर आधी विम्याची अट वाचा. साध्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं.

उद्या दुसरी पार्किंग गेली आणि एकच गाडी ठेवावी लागली, तर ८५ ची नवी आवृत्ती सोडा. तीच गाडी २ ते ४ वर्षं वापरलेली आणि वॉरंटी शिल्लक असलेली शोधा. ती ६० ला मिळाली तर ३५ स्वतःचे, २५ चं कर्ज ४ वर्षांसाठी. हप्ता वर्षाला ७.५ येतो, विम्याला जागा राहते. तिच्यात इलेक्ट्रॉनिक डॅम्पर हवेतच. सिरॅमिक ब्रेक असतील तर सौदा सोडा: रस्त्यावर ते फारसे झिजत नाहीत, पण ट्रॅकच्या उष्णतेने किंवा चाक काढताना बसलेल्या ठोकरीने गेले की एक डिस्कही खिसा रिकामा करते. चाकं १९ इंचांची असतील तर एक इंच लहान घालता येतात का विचारा. २४५/३५ आर१९ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ऐवजी २४५/४० आर१८ घातलं तर टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, ६५४ च्या जागी ६५३ मिलिमीटर, आणि बाजूचं रबर ८६ वरून ९८ मिलिमीटर होतं. खड्ड्यात रिम वाचते, पाठही. ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) त्या रिममध्ये मावतो का, एवढं आधी तपासा.

कोणतीही गाडी घ्या, चाचणी तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी, थंड इंजिनावर आणि किमान ४५ मिनिटांची मागा. वाटेत तीनदा उतरून परत बसा, गतिरोधक ओलांडा, मागे घेऊन पार्क करा. विक्रेता फक्त मोकळ्या रस्त्यावरची दहा मिनिटं देत असेल तर दुसरा विक्रेता गाठा. टू-सीटर घेतल्यावर तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. वर्षभरात १,५०० किलोमीटरसुद्धा झाले नाहीत, तर ती विका आणि ते २५ गुंतवणुकीत टाका.