एकाच तपासणीचे तीन भाव

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. हिवाळ्यापासून त्यांना लघवीला जळजळ होते. आतापर्यंत तीनदा तपासणी झाली. पहिल्यांदा मानेवाड्यात आमच्या चौकातल्या लॅबने १०० रुपये घेतले. दुसऱ्यांदा धंतोलीत, डॉक्टरांच्याच इमारतीत खाली लॅब होती, तिथे २२०. आता मे महिन्याच्या उन्हात त्यांना कुठे न्यायचं म्हणून लॅबच्या मुलाला घरी बोलावलं, तर बिल आलं ८५०! सासूबाई म्हणतात, "बाप्पा, माह्या लघवीचा भाव सोन्यावानी वाढून राहिला." चिठ्ठी, बिलं आणि रिपोर्ट यांचे फोटो पाठवते आहे. आम्हाला लुटलं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, पण लघवीवर इतकं नेमकं कोणी बोललेलं ऐकलं नाही.

आधी ८५०चं बिल पाहू, कारण राग त्याचाच आहे. त्यात तीन ओळी आहेत : युरिन रुटीन १५०, होम कलेक्शन १००, कल्चर ६००. म्हणजे ही तीच तपासणी नाही. आता डॉक्टरांची चिठ्ठी पाहा. पहिल्या दोन वेळा नुसतं 'आर/एम' आहे, म्हणजे साधी रुटीन तपासणी, तिसऱ्या वेळी त्यापुढे बारीक अक्षरात 'सी/एस' लिहिलंय. ते कल्चर. त्यात लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध त्यांच्यावर चालतं ते बघतात. दोन-तीन दिवस जातात, निर्जंतुक डबी लागते, म्हणून खर्च जास्त. सहा महिन्यांत वारंवार त्रास होणाऱ्या बाईला कल्चर सांगणं योग्यच आहे. त्यामुळे लुटलं असं मी म्हणणार नाही. पण दारात डबी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाने "काकू, याचे एवढे होतील" हे आधी सांगायला हवं होतं. दर आधी विचारणं हा आपला हक्क आहे, त्यात लाजायचं काहून?

आता १०० आणि २२०. खासगी लॅबच्या साध्या तपासणीला सरकारने बांधून दिलेला दर नाही, जो तो आपला लावतो. धंतोलीचं भाडं आणि मानेवाड्याचं भाडं एक नाही, हे एक कारण. दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही : कट. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनी डॉक्टरला रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला मनाई आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं, असं मला म्हणता येणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की चिठ्ठी कुठल्याही लॅबला चालते, खालच्याच लॅबमध्ये द्या अशी सक्ती नसते. आणि बिलात जीएसटी दिसला तर थांबवा, रोगनिदानाच्या तपासणीवर तो लागत नाही.

पण खरी गंमत तुमच्या रिपोर्टमध्ये आहे. धंतोलीचा रिपोर्ट गुळगुळीत कागदावर, रंगीत, छापील. त्यात 'ल्युकोसाइट' (पांढऱ्या पेशी) पुढे तीन अधिक चिन्हं, म्हणजे भरपूर, आणि खाली 'पस सेल २-३', म्हणजे त्याच पेशी जेमतेम. चौकातल्या लॅबचा हाताने लिहिलेला, त्यात 'पस सेल १८-२०'. मी असते तर चौकातल्या कागदावर जास्त भरवसा ठेवला असता.

का ते सांगते. ही तपासणी दोन टप्प्यांत होते. एका पट्टीवर दहा रंगीत चौकोन असतात : साखर, प्रथिनं, रक्त, ल्युकोसाइट वगैरे. ती बुडवायची, कडेला टेकवून थेंब झटकायचा आणि मिनिट-दोन मिनिटांत डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. एवढं तर शिकाऊ पोरगाही करतो. मग नळीत लघवी घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, तळच्या साक्याचा एक थेंब स्लाइडवर, वर काच, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा. पैसे या डोळ्याचे असतात. गर्दीच्या सकाळी, सत्तर डब्या रांगेत असताना, डोळा न लावता 'पस सेल २-३, एपिथेलियल २-३' लिहिणारे मी पाहिलेत. एकदा लाइट गेली असताना लिहिलेलं पाहिलं! तीन अधिक चिन्हं आणि दोन-तीन पेशी यांचा मेळ एरवी बसत नाही. एकतर कोणी पाहिलं नाही, नाहीतर डबी इतका वेळ पडून राहिली की पेशी फुटून गेल्या. पट्टीला फुटलेल्या पेशीही कळतात, डोळ्याला नाही.

हे दुसरं कारण नागपूरच्या उन्हाळ्यात फार खरं. डबी स्कूटरच्या डिक्कीत, मुलगा आणखी चार घरं करणार, बाहेर ४५ अंश. दोन तासांत त्या लघवीतले जंतू बेसुमार वाढतात. अशा नमुन्याचं कल्चर केलं तर त्याचा अर्थ लावणं डॉक्टरलाही जड जातं. नमुना तासाभरात लॅबला पोचला पाहिजे, नाहीतर बर्फाच्या डब्यात. लॅबच्या त्या मुलाजवळ बर्फाचा डबा होता का, ते तुम्ही लिहिलं नाही. तेवढं त्या लॅबला फोन करून विचारा.

पुढच्या वेळी फुकटची वाटही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या मोफत आहेत, आणि नागपूरचं डागा स्त्री रुग्णालय याच विभागाचं आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, तिथे केसपेपरचे आणि तपासणीचे थोडे पैसे लागतात. रांग दोन्हीकडे आहे, हे लपवत नाही.

आणि औषधाचं : अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असेल तर कल्चरचा रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांना ते सांगा. रिपोर्टमध्ये 'वाढ नाही' असं आलं, म्हणून ६०० वाया गेले असं सासूबाईंना लगेच सांगू नका. गोळीमुळेही तसं येतं.