गळ्यावरची जखम कोण चाटणार?

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा पहिला रविवार

चि. लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, रात्री उशिरापर्यंत. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लांडग्यांचं राज्य उभं करायचं, त्यांचे कायदे, त्यांच्यातला मान-मरातब, त्यांची औषधं सगळं स्वतः रचायचं, हे धाडस मला फार आवडलं. आपल्या माळावरचा प्राणी तू निवडलास म्हणून जास्तच. एकतीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात काढली, त्यातली बरीचशी नान्नज, वडाळा, मार्डी या बाजूला. लांडग्याने फाडलेली मेंढरं शिवली, मेंढपाळांची कुत्री शिवली. तेव्हा लांडगा मला जखमांवरूनच आधी कळला. म्हणून या पत्रात जखमेबद्दल जास्त लिहिणार आहे, रागावू नकोस.

एक बारीकशी गोष्ट आधी. तू सगळीकडे ‘कळप’ लिहिलं आहेस. कळप मेंढरांचा. आपल्याकडे लांडग्यांची टोळी म्हणतात. शब्द बदललास की वाक्याची चालही बदलेल, करून बघ.

आता मुद्द्याचं. तेविसाव्या पानावर तुझी ती पांगळी लांडगीण टोळीतून बाजूला पडते, आणि एकतिसाव्या पानावर ती परत येते, चालत. मध्ये दीड महिना गेलाय असं तूच लिहिलं आहेस. या दीड महिन्यात ती काय खाऊन जगली? तिला मांस कुणी आणून दिलं? तुझ्या ४१ कायद्यांत याचं उत्तर नाही. अल्फा सगळ्यांत वर, मग बीटा, तळाशी ओमेगा, या तुझ्या उतरंडीतही नाही. चांदण्यात झोपवून झऱ्याचं पाणी लावण्याच्या तुझ्या उपचारात तर नाहीच. माझं तुला एवढंच सांगणं आहे की या एका प्रश्नाचं उत्तर आधी लिही. जखमीला कोण खाऊ घालतं हे ठरलं, की तुझ्या टोळीतला मोठा कोण, लहान कोण, कायदा कशासाठी, हे सगळं त्यातूनच निघेल.

अल्फाबद्दल बोलू. ही कल्पना आली कुठून ते तुला माहीत असायला हवं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये लिहिलं. एकमेकांशी मारामारी, वरचढपणा, सगळ्यांकडून मार खाणारा एखादा शेवटचा. त्याने पाहिलं ते खरंच होतं, पण ते आवारात कोंडलेल्या जनावरांचं होतं. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात हाच अल्फा जगभर पोचवला. मग त्यानेच आर्क्टिकमधल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले, आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की मोकळ्या रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. पुढारी म्हणजे आई आणि बाप. बाकीची त्यांचीच या सालची आणि गेल्या एक-दोन सालांतली पोरं. वयात आली की ती आपापली वाट धरतात, जोडीदार शोधतात, नवी टोळी होते. मीच आडनावाचा हा माणूस आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाला सांगत राहिला. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

कुंपणाच्या आत जे दिसतं ते रक्तातलं आहे असं समजणं किती महाग पडतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, आणि मग त्यांच्या वागण्यावरून ‘ही जातच अशी’ म्हटलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते सुटले. त्या कुंपणातल्या वस्तीचं सेटलमेंट हे नाव अजून सोलापूरकरांच्या तोंडी आहे. माणसांना मी जनावरांच्या ओळीत बसवत नाही, कुंपणाबद्दल बोलतोय. तुझा ओमेगा ‘जन्मतःच हीन’ आहे असं तू नवव्या पानावर लिहिलंस, तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. ती ओळ काढ. तुझ्या हातून ती विचार न करता आली असावी, पण कागदावर ती राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मग दर्जे नकोतच का? हवेत. पण कामावरून घे, वयावरून घे. टोळी शिकारीला गेली की बिळापाशी पिलांजवळ कुणीतरी मागे थांबतं, ती राखण. गेल्या सालचं पोर धाकट्यांना मांस आणून घालतं. थोरली, थोरला, राखण्या, गेल्या सालची, यंदाची. अशी नावं दिलीस तर मराठी वाचकाला नातं लगेच कळेल, ग्रीक अक्षरांची गरज पडणार नाही.

आणि यात एक गोष्ट आहे, जी कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात गेलो होतो. लांडग्याचं पिलू भूक लागली की मोठ्याच्या तोंडाला चाटतं, ढुशी देतं, मग मोठा पोटातलं मांस ओकून त्याला देतो. मोठेपणी तोच लांडगा दुसऱ्यापुढे नमतो तेव्हा काय करतो? खाली वाकतो, शेपूट पाडतो आणि समोरच्याचं तोंड चाटतो. नमण्याची ही रीत लहानपणीच्या मागण्यातून आली आहे. म्हणजे जो नमतो तो एका अर्थी म्हणतोय, मी तुझं पोर आहे. आता तुझ्या टोळीत खालचा दर्जा म्हणजे काय ते नव्याने लिहून बघ. वरच्याला नुसता मान मिळत नाही, त्याच्या पोटातलं अन्नही मागितलं जातं. तुझ्या थोरल्याला एखाद्या दुष्काळी साली हे जड जाईल. सगळे नमतायत आणि त्याच्या पोटात काही नाही. हा प्रसंग तू लिहावास असं मला फार वाटतं.

आता उपचार. लांडग्याला हात नाहीत, त्याच्याजवळ जीभ आहे. लाळेत जंतूंना थोडंफार मारणारे घटक असतात, चाटल्याने माती, काटे, मेलेलं कातडं निघतं. जास्त चाटलं तर जखम उघडीच राहते, हेही खरं. मेंढपाळ काय करतात तेही बघ. जखमेत आळ्या पडल्या की सीताफळीचा पाला वाटून भरतात, मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधतात. तुझ्या लांडग्यांना यातलं काही करता येणार नाही, म्हणून त्यांचं वैद्यक गरिबीतलंच असू दे. चाटणं, ऊब, वेळ आणि मांस. बाकी चांदणं ठेवायचं तर ठेव, त्यांना ते पवित्र वाटत असेल, पण त्याने हाड जुळत नाही हे त्यांच्यातल्या म्हातारीला ठाऊक असावं.

आणि जिभेची एक मर्यादा आहे. लांडगा आपला पाय चाटू शकतो, कूस चाटू शकतो. स्वतःचं डोकं, कान, गळा त्याला चाटता येत नाही. मेंढपाळाचं कुत्रं धरतं ते नेमकं मानेला. अशी जखम दुसऱ्यानेच चाटावी लागते, आणि त्यासाठी आपला गळा दुसऱ्याच्या दातांखाली द्यावा लागतो. गळा देणं म्हणजे तर संपूर्ण शरण जाणं. तुझ्या कथेचा सगळ्यात मोठा विधी इथे आहे असं मला दिसतं. समज, थोरल्याच्याच मानेला जखम झाली. ज्याच्यापुढे सगळे नमतात त्याला आता कुणाच्या तरी तोंडाखाली मान द्यायची आहे. कुणाची जीभ तो निवडेल? न निवडता मरेल का? जिला गळे दिले जातात ती दाई टोळीत कुठे बसेल? तिला दर्जाच नसावा असं मला वाटतं. ती खाली नाही आणि वरही नाही. तुझं मत वेगळं असेल तर तसं लिही, फक्त विचार करून.

कायद्यांकडे येतो. ४१ जास्त होतात. सात-आठ ठेव, आणि प्रत्येकामागे कुणाचा तरी मृत्यू असू दे. ‘बिळाजवळ शिकार करू नये’ हा तुझा बारावा कायदा चांगला आहे, पण कारण दिलं नाहीस. कारण आपल्या माळावर आहे. लांडगीण त्रेसष्ट दिवसांनी विते, पिलांचे डोळे उघडायला पंधरवडा लागतो, आणि एवढ्या काळात जवळच शिकार झाली आणि त्या मागावर गावकऱ्यांना बीळ सापडलं की पूर्वी धूर घालून किंवा तोंड बुजवून पिलं मारत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला सर्वांत वरचं संरक्षण दिलं, पण जिची मेंढरं गेली त्या बाईला रात्री कायदा आठवत नाही. तिचं दुःखही तुझ्या वहीत कुठेतरी यायला हवं. कुसळी गवताच्या पलीकडे वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, ताणून, कोकरं आत घेऊन जागणारी माणसं या गोष्टीत खलनायक नकोत.

सगळ्यात अवघड कायदा मात्र पिसाळण्याचा. रेबीज लाळेतून पसरतो. म्हणजे जी जीभ बरं करते तीच मारते. चावा बसल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात, आणि लक्षणं दिसली की उपाय नाही. (तुला कधी कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी लस घे. गोष्ट मागे राहिली तरी चालेल.) तुझ्या टोळीला जंतू ठाऊक नाही, पण कधीतरी एक दाई प्रेमाने चाटता चाटता गेली आणि तिच्यामागे निम्मी टोळी गेली, एवढं त्यांच्या आठवणीत असेल. त्यातून नियम आला असेल की परक्याने चावलेल्याने दूर राहायचं. किती दिवस? त्याला मांस कोण देणार? जवळ न जाता कसं देणार? इथे पुन्हा माझा तोच प्रश्न आहे. मांस ठरावीक दगडाशी टाकून वाऱ्याच्या दिशेने मागे फिरायचं, अशी एखादी रीत तू रचू शकतेस. दूर ठेवलेल्याला रोज मांस पोचत असेल तर तो अजून टोळीचा आहे. ते थांबलं की वाळीत टाकणं सुरू झालं. तुझ्या वहीत दोन्हींना एकच शब्द आहे, ‘हद्दपार’. आपल्या राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, कारण माणसं माणसांना पाण्यावाचून, सोयरिकीवाचून, खांदेकऱ्यांवाचून ठेवत होती. त्यामुळे हा शब्द सोपेपणाने वापरू नकोस.

सरहद्दीचंही एक. शेजारची टोळी घुसली तर लांडगे एकमेकांना ठार मारतात, ते मऊ करून लिहू नकोस. पण दाईला सरहद्द माफ असावी का, याचा विचार कर. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, परक्यांच्या लढाईत परक्यांच्या जखमा शिवल्या, आणि १९४२ मध्ये तिथेच गेले, बत्तीस वर्षांचे होते. लहानपणी त्यांचं नाव ऐकून मी वैद्यकाकडे वळलो. माणसांचं जमलं नाही, जनावरांचं जमलं.

तुझ्या पांगळ्या लांडगिणीसाठी एक पाहिलेली गोष्ट देतो, हवी तर घे. मार्डीच्या बाजूला एका हिवाळ्यात मी तीन पायांवर चालणारी लांडगीण पाहिली होती. पुढचा उजवा पाय लोंबत होता. महिनाभर तरी काढेल असं मला वाटलं नाही. लांडग्यांच्या सांगाड्यांत मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडतात हे तेव्हा मी वाचलेलं नव्हतं. संक्रांतीनंतर एका वासराला बघायला गेलो तेव्हा ती पुन्हा दिसली, ओढ्याच्या काठाला, हिवराच्या सावलीत बसलेली. दुर्बीण होती माझ्याकडे. पलीकडून एक लहानखुरा लांडगा आला, गेल्या सालचा असावा. ती उठली नाही. बसल्याबसल्या मान लांबवून तिने त्याचं तोंड चाटलं, पिलासारखं. तो मागे सरकला, पुढे आला, आणि तिच्यापुढे ओकला. मग तो निघूनही गेला. ती खात होती तोवर मी हललो नाही, आणि वासराकडे पोचायला मला उशीर झाला.

येत्या रविवारी सकाळी सहाच्या आत घरी ये, बार्शी रस्त्याने माळावर जाऊ. तिथलं नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी १९७९ मध्ये झालं, माळढोक दिसेल अशी आशा मी तुला देत नाही, काळवीट दिसतील. लांडगा दिसला तर दिसला. मातकट रंगाचे कपडे घाल, कुसळं लागतात म्हणून जाड सलवार, आणि पाणी आण. भाकरी आणि शेंगाचटणी तुझी काकू देईल. त्याआधी फक्त तेविसावं ते एकतिसावं पान नव्याने लिहून आण. बाकीच्याला तोवर हात लावू नकोस.

तुझा,
काका