जुने टॅब परत येत नाहीत तेव्हा

प्रश्न : ब्राउझर सुरू करताच आदल्या दिवशीचे सर्व टॅब उघडावेत, अशी सेटिंग मी पूर्वीच करून ठेवली आहे आणि गेल्या आठवड्यापर्यंत ते उघडतही होते. आता मात्र कधी कोरे पान येते, तर कधी एकच टॅब असलेली विंडो. एका लेखासाठी जमवलेले चाळीसएक टॅब त्यात गेले. ते परत मिळतील का, आणि असे का होते?

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे; मात्र तोपर्यंत ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहू नका. ब्राउझर मागच्या सत्राची, म्हणजे तो सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत उघडलेल्या टॅबांची, नोंद फार काळ जपत नाही आणि प्रत्येक नव्या सुरुवातीबरोबर आधीची नोंद मागे ढकलली जाते. घाईघाईने केलेले दोन-तीन प्रयत्नच बहुधा टॅब कायमचे घालवतात, हे मी कळकळीने सांगतो.

आपण ब्राउझरचे नाव लिहिलेले नाही, म्हणून आधी क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हीकडे चालणारा उपाय सांगतो. क्रोम किंवा फायरफॉक्स सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्यास शेवटी बंद झालेला टॅब किंवा विंडो परत उघडते. फायरफॉक्सच्या हिस्टरी मेनूत मागील सत्र परत आणण्याचा वेगळा पर्यायही असतो.

एवढ्याने काम झाले नाही आणि ब्राउझर फायरफॉक्स असेल, तर त्याच्या प्रोफाइल फोल्डरकडे, म्हणजे आपल्या सेटिंग आणि नोंदी ज्यात साठवल्या जातात त्या फोल्डरकडे, वळावे लागेल. मदत मेनूतील समस्यानिवारणाच्या माहितीच्या पानावर हे फोल्डर उघडण्याचे बटण आहे. फायरफॉक्स चालू असताना दर 15 सेकंदांच्या अंतराने आपली स्थिती ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ या उपफोल्डरात ‘रिकव्हरी’ नावाच्या फाइलमध्ये लिहीत असतो, आणि नीट बंद झालेल्या मागच्या सत्राची प्रत तेथेच ‘प्रीव्हियस’ या नावाने ठेवतो. म्हणून फायरफॉक्स पूर्ण बंद करून प्रथम हे संपूर्ण उपफोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मग ‘प्रीव्हियस’ फाइलची एक प्रत मुख्य प्रोफाइल फोल्डरात आणून तिला ‘सेशनस्टोअर’ हे नाव द्या, शेवटचे विस्तारनाम (नावातील टिंबानंतरचा भाग) तसेच राहू द्या, आणि मगच फायरफॉक्स सुरू करा.

आता कारणांकडे वळू. आपण सांगितलेल्या एका टॅबच्या विंडोवरून मला सर्वाधिक शंका येते ती विंडो बंद करण्याच्या क्रमाची. दोन विंडो उघड्या असताना चाळीस टॅबांची आधी आणि एका टॅबची नंतर बंद केली, तर सत्राचा शेवट त्या दुसऱ्या विंडोवर होतो आणि पुढच्या वेळी तीच परत येते. मोठी विंडो अशा वेळी नुकत्याच बंद केलेल्या विंडोंच्या यादीत सापडू शकते. यापुढे विंडो एकेक करून मिटवण्याऐवजी मेनूतील बाहेर पडण्याच्या आज्ञेने ब्राउझर बंद करावा.

कोरे पान येण्यामागचे कारण निराळे असू शकते. फायरफॉक्समध्ये बंद होताना इतिहास पुसण्याची सेटिंग चालू असेल, किंवा तो कायम खासगी पद्धतीने चालवला जात असेल, तर टॅब परत आणण्याची सेटिंग असूनही तिचा उपयोग होत नाही, कारण परत आणण्यासारखे काही उरलेलेच नसते. डिस्क साफ करणारे एखादे सॉफ्टवेअर अलीकडे बसवले असल्यास तेही तपासा. अशी काही सॉफ्टवेअरे सत्राच्या फाइली निरुपयोगी समजून काढून टाकतात. टॅब परत येतात पण प्रत्येक संकेतस्थळ पुन्हा पासवर्ड मागते, अशी तक्रार असेल तर ती सत्राची नव्हे, कुकी, म्हणजे आपली ओळख लक्षात ठेवण्यासाठी संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, पुसल्या गेल्याची आहे.

टॅब परत मिळताच ते सर्व एका फोल्डरात बुकमार्क करा. उघड्या टॅबवर उजवी कळ दाबून फायरफॉक्समध्ये सर्व टॅब निवडता येतात आणि ते एकत्र जतन करता येतात.