सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेले; रुग्णालयाकडे आई-वडील म्हणून आमचे कायदेशीर हक्क कोणते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सव्वीस आठवडे आणि चार दिवस झाले असताना बाळाचे ठोके थांबले, खासगी रुग्णालयात कळा आणून प्रसूती झाली, बाळ तुम्हा दोघांना दाखवलेही नाही, डिस्चार्ज कार्डावर ‘गर्भपात’ एवढेच लिहिले, केसपेपर मागितल्यावर आधी उरलेले बिल भरा असे सांगितले, आणि आता पत्नीच्या कार्यालयाने त्या एका शब्दावर बोट ठेवून सहाच आठवड्यांची रजा देऊ केली आहे. मी वकील नाही. एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात अकरा वर्षे समाजसेवा अधीक्षक होते आणि याच कागदांसाठी पालकांबरोबर अनेक टेबलांपुढे उभी राहिले आहे. त्या आधारावर लिहीत आहे.

सगळ्यात आधी कार्डावर आठवड्यांचा आकडा लिहून घ्या. आपल्याकडे एकाच बाळाला वेगवेगळे कायदे वेगवेगळ्या आठवड्यांपासून ‘बाळ’ मानतात, आणि तुमच्या बाबतीत ती रेषा अगदी जवळून जाते. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ नुसार, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसारही, गर्भारपणाच्या सव्विसाव्या आठवड्यात किंवा त्याआधी गर्भ बाहेर पडला तर तो गर्भपात. त्यासाठी सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तुमच्या पत्नीचे सव्वीस आठवडे पुरे होऊन सत्ताविसावा चालू होता. दोन्हींत ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही धरले आहे, त्यामुळे कायद्याच्या भाषेत त्यांची प्रसूती झाली आहे. हयात मुले दोनपेक्षा कमी असतील आणि आधीच्या बारा महिन्यांत त्यांनी तिथे किमान ८० दिवस काम केले असेल, तर त्यांना पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ मिळायला हवा. ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तरी उत्तर तेच येते, कारण सव्वीस आठवड्यांनंतरची प्रसूती, मूल जिवंत असो वा मृत, त्या योजनेतही प्रसूतीच आहे. ठोके कधी थांबले याला इथे महत्त्व नसून बाळ बाहेर कधी आले ते पाहिले जाते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा अहवाल शोधून ठेवा. आठवड्यांच्या मोजणीवर वाद झालाच तर तोच तुमचा मुख्य आधार ठरेल. गर्भारपण, प्रसूती किंवा गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते, मात्र त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. खासगी नोकरीतल्या वडिलांना मात्र अशा वेळी कायद्याने एकही दिवस मिळत नाही, आणि हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

आता बाळाविषयी. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये पिवळ्या पिशवीत काय टाकायचे याची जी यादी आहे, तिच्यात ऊती आणि अवयवांबरोबर जगण्याच्या क्षमतेच्या कालावधीखालचा गर्भही आहे, आणि तो कालावधी ठरवताना वैद्यकीय गर्भपात अधिनियमाकडे बोट दाखवले आहे. त्या अधिनियमातली मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २० वरून २४ आठवड्यांवर गेली. यांपैकी कोणतीही मर्यादा धरली, तरी तुमचे बाळ तिच्या पुढचे होते, म्हणून ‘नियमाप्रमाणे विल्हेवाट लावली’ हे उत्तर तुम्ही मान्य करण्याचे कारण नाही. बाळाचे काय केले, कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीने, याचा लेखी खुलासा मागा.

नोकरीच्या सुरुवातीची एक दुपार मी विसरलेले नाही. एक वडील बाळाला गुंडाळण्यासाठी पांढरे कापड आणायला रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले होते. ते परत येईपर्यंत पिशवीला गाठ मारून ती खालच्या मजल्यावर गेली होती, आणि ते हातात घडी केलेले कापड घेऊन बराच वेळ दारात उभे होते. मी तेव्हा काहीच बोलले नाही. पुढे आमच्या विभागातल्या एका सिस्टरने स्वतःहून सुरू केले: आई-वडिलांना विचारायचे, बाळ त्यांच्या हातात द्यायचे, आणि त्यांना हवे असेल तर शिक्क्याच्या शाईने पावलांचे ठसे कागदावर घेऊन द्यायचे. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज पडली नाही. हे वाचणारे कोणी आज त्या प्रसंगात असतील, तर त्यांनी बाळ ताब्यात हवे आहे असे प्रसूतीपूर्वीच दोन ओळींत लिहून द्यावे आणि नेताना रुग्णालयाचे पत्र बरोबर घ्यावे. बाळाचा देह गुपचूप पुरून जन्म लपवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ खाली गुन्हा आहे, आणि ते पत्र असले की स्मशानभूमीत कोणी संशय घेत नाही.

नोंदणीबाबत तुमच्या हाती निराशाच येईल. जन्म-मृत्यू नोंदणीत उपजत मृत्यूची, म्हणजे मृत जन्मलेल्या बाळाची, नोंद २८ आठवड्यांपासून होते आणि रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ती कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते. मात्र बाळाने बाहेर आल्यावर एकदा जरी श्वास घेतला असेल, तर आठवडे कितीही असोत, तो जिवंत जन्म ठरतो आणि जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. पत्नीला त्या वेळचे काय आठवते ते त्यांना हळुवारपणे विचारा. श्वास नव्हता असे असेल, तर तुमचे बाळ होते हे सांगणारा कागद रुग्णालयाच्या दप्तराबाहेर कुठेच तयार होणार नाही, आणि म्हणूनच त्या दप्तराची प्रत मिळवण्याचा आग्रह सोडू नका.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात, आणि त्यात ‘बिल भरल्यानंतर’ अशी अट कुठेही नाही. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ती कागदपत्रे जपण्याचे बंधनही डॉक्टरांवर आहे. अर्ज पत्नीच्या सहीचा असावा, कारण रुग्ण त्या आहेत. त्यात संपूर्ण केसपेपर, सर्व सोनोग्राफी अहवाल, संमतीपत्रे, परिचारिकांच्या नोंदी, आणि वार (प्लॅसेंटा) तपासणीला पाठवली असेल तर तिचा अहवाल, असे नाव घेऊन मागा, नुसते ‘कागद द्या’ लिहू नका. वार तपासली की कारण कळण्याची शक्यता वाढते आणि पुढच्या गरोदरपणात त्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

रुग्णालयाने दाद दिली नाही तर महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि स्थानिक तक्रार निवारण कक्ष आले आहेत; शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. उपचारांत हलगर्जी झाली असे कागद पाहून वाटले, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि जिल्हा ग्राहक आयोग हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि आयोगाकडे जाण्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. मात्र पोटात बाळ जाण्यामागे दर वेळी कोणाची चूक असतेच असे नाही, तेव्हा आधी सगळे कागद दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मगच तक्रारीचा मसुदा करा.

उद्या सकाळी करायचे काम एवढेच: अर्जाच्या दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारीख-वेळेसह शिक्का घ्या. शिक्का नाकारला तर तिथे हुज्जत घालू नका, पोस्टात जाऊन तोच अर्ज पोचपावतीसह पाठवा. कार्डावरचा ‘गर्भपात’ हा शब्द दुरुस्त करून ‘२६ आठवडे ४ दिवस, मृत बाळाची प्रसूती’ असे लिहून मिळावे, ही मागणी त्या अर्जात पहिल्याच ओळीत असू द्या, कारण पत्नीची रजा तिच्यावरच अवलंबून आहे.