साटा दुकानातला, सारण आपलं

कराडचं माहेर, सांगलीचं सासर आणि गेली सहा वर्षं मुक्काम टोरोंटोजवळच्या एका उंच इमारतीत, अशा एका ताईंचं पत्र आलंय. गेल्या दिवाळीत त्यांनी करंज्या तळायला घेतल्या. दुसऱ्या घाण्यालाच धुराचा भोंगा वाजला, शेजारच्या वयस्कर बाई घाबरून जिन्यात आल्या आणि आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, आता नको करूस." मग घरात एअर फ्रायर आला. त्यात फळं भरलेले पफ दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा फसले. एकदा स्ट्रॉबेरीचा रस बाहेर येऊन जाळीवर करपला, एकदा वरून काळं आणि खालून कच्चं. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "त्याला करंजी नका गं म्हणू." आता लेकीला शाळेत घरचं गोड न्यायचंय. ताई विचारतात, हे मला जमणार आहे का?

जमणार आहे, ताई. निम्मं काम तुम्हाला लहानपणापासून येतंच.

पफ पेस्ट्री म्हणजे आपल्या बेकरीतली खारी. चहाबरोबर खारी खाताना बशीत जो पापुद्र्यांचा चुरा पडतो, तीच ही पारी. आणि साट्याची करंजी करताना आपण तरी काय करतो? पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर तूप आणि तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर फेसून केलेला साटा फासायचा, एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, लाट्या कापून पुन्हा लाटायच्या. पीठ, तूप, पीठ, तूप. तिकडे पिठात लोण्याची घडी घालून ती पुन्हा पुन्हा मुडपतात. रीत वेगळी, विचार एकच. दुकानातली पफ पेस्ट्रीची गुंडाळी म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेला साटा. तो विकत आणण्यात काही कमीपणा मानू नका. दोन नोकऱ्या आणि एक शाळा सांभाळणाऱ्या घरात ती दीड तासाची मेहनत वाचली तर वाचू द्या, ती सारणाला लावा.

कारण तुमचे दोन्ही पफ फसले ते सारणामुळे आणि उष्णतेमुळे. एअर फ्रायरचा त्यात दोष नाही.

आधी सारण. ताज्या स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ती चिरून साखर लावून तशीच पारीत भरली की आत गरम होऊन पाणी सुटणार, वाफ होणार आणि जिथे कड कच्ची तिथून बाहेर पडणार. आपल्या आयांनी करंजीचं सारण ओलसर का होऊ दिलं नाही, हे आठवा. तळणीत एक करंजी फुटली तरी सगळं तूप खराब व्हायचं. इथे तूप नाही, पण नियम तोच. सारण कोरडं हवं आणि पूर्ण गार हवं.

आमच्या सांगलीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळच्या रस्त्याला लागलात की शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली दिसतात. पंधरा-वीस दिवसांत त्यांचा हिरवट बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा निघतो, म्हणजे तीन किलो पाणीच गेलं म्हणायचं. जे उरतं त्यात सगळी गोडी. फळाच्या सारणाचं तंत्र मी त्या शेडमध्ये उभी राहूनच समजले. पाणी काढा, चव ठेवा. म्हणून ताजी द्राक्षं पफमध्ये घालूच नका, ती आत फुटतात. बेदाणा मात्र मुठीनं घाला. गावाहून कुणी येत असेल तर गणपती पेठेतला किलोभर मागवून घ्या, फ्रीजमध्ये वर्षभर टिकतो.

पहिल्यांदा सफरचंदाचं सारण करा, ते सर्वांत कमी दगा देतं. सहा पफना एक मोठं सफरचंद पुरे, साधारण २०० ग्रॅमचं, हिरवं आंबट मिळालं तर उत्तम. साल काढून हरभऱ्याच्या डाळ्याएवढ्या नाही, पण वाटाण्याएवढ्या फोडी करा. मोठ्या फोडी पारीला टोचतात आणि आत कच्च्या राहतात. कढईत चमचाभर तूप, त्यावर फोडी, मध्यम आच. झाकण ठेवायचं नाही, वाफ उडून जाऊ द्यायची. फोडी अर्धवट शिजल्या की दोन मोठे चमचे चिरलेला गूळ घाला. गूळ आधी घातला तर पाणी सुटतं आणि सफरचंद शिजायच्या ऐवजी त्या पाकात पोहत राहतं. मग दोन चमचे बेदाणा, वेलची, जायफळ किसणीवर दोनदा ओढून, कणभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. आठ-दहा मिनिटांनी डाव कढईच्या तळाशी ओढून बघा. डावामागे तळ दिसला आणि पाक लगेच भरून आला नाही की गॅस बंद. ताटात पसरून गार करा. कोमट सारण भरलं की पारीतलं लोणी तिथेच वितळतं आणि पापुद्रे बसतात.

स्ट्रॉबेरीचा हट्ट असेल तर तोही पुरवू. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी खाऊन वाढलेल्या माणसाला तो असणारच, त्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पाव किलो फळाला तीन मोठे चमचे साखर घालून आटवा. रस दाट होऊ लागला की चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला आणि आणखी दोन मिनिटं ढवळा, नाहीतर पिठाची चव राहते. फ्रोझन स्ट्रॉबेरीला आणखी पाणी सुटतं, तेव्हा वेळ जास्त द्या. बरणीतला जॅम नुसता भरू नका. तो उकळतो, पातळ होतो आणि बाहेर धावतो. भरायचाच तर एक चमचा जॅमला एक चमचा भाजलेला बारीक रवा मिसळा.

हा रवा तर कुठल्याही फळाला उपयोगी. पारीवर आधी अर्धा चमचा खमंग भाजलेला रवा पसरायचा, त्यावर सारण. सुटलेलं पाणी तो पिऊन घेतो आणि खालची बाजू चिवट होत नाही. सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून घातला तरी चालतं, आणि मग त्या घासात खरी करंजीची आठवण येते.

डब्यातल्या आमरसाचं सारणही सुरेख होतं. वाटीभर रस मंद आचेवर आटवून निम्मा करायचा आणि दोन-तीन चमचे दूध पावडर घालून बर्फीच्या अलीकडे आणायचा. ढवळणं सोडू नका, लागतो लवकर.

आता पारी. दुकानात पाकीट उलटून घटक वाचा. काही तयार पाऱ्यांत, विशेषतः 'पाय' (pie) या परदेशी भरल्या पदार्थाच्या पारीत, डुकराची चरबी असते, 'लार्ड' असं लिहिलेलं असतं. शाकाहारी घरांनी एवढं एकदा नीट बघावं. लोण्याची पारी चवीला सरस, वनस्पती चरबीची हाताळायला सोपी. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर सोडून ती मऊ पडली की संपलं, कारण लोणी पिठात मुरलं. पापुद्रे सुटतात ते गार लोण्यातल्या पाण्याची भट्टीत एकदम वाफ होऊन. हात गरम असतील तर मधेच पारी पाच मिनिटं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायला लाजू नका.

तुमच्याकडे बहुतेक दोन चौकोनी घड्यांचं पाकीट मिळेल, एकेका घडीचे चार चौकोन होतात. ब्रिटनमध्ये ३२० ग्रॅमची लांबट गुंडाळी येते, तिचे सहा. चौकोन कर्णावर दुमडला की त्रिकोणी पफ तयार, तुकडाही वाया जात नाही. करंजीचाच आकार हवा तर वाटीनं गोल कापा, पण उरलेल्या पट्ट्या मळून गोळा करू नका. एकावर एक रचून लाटा, नाहीतर पापुद्रे मरतात. सारण एक मोठा चमचा, जास्त नाही. कडेला दुधाचं बोट फिरवा, दाबा, मग काट्यानं दाबा किंवा घरात कातण असेल तर फिरवा. वर सुरीनं दोन बारीक चिरा द्या, वाफेला वाट हवी. वरून दूध लावा, अंड्याची गरज नाही. फक्त कापलेल्या कडांवर दूध ओघळू देऊ नका, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू फुलत नाही.

मुरड घालता येत असेल तर घालाच. गौरी निघतात त्या दिवशी आपल्याकडे मुरडीचा कानवला नैवेद्याला असतो, पुन्हा मुरडून ये म्हणून. लेकीला हे सांगत तिच्याकडून एक कड मुरडून घ्या. पफची पारी मऊ असते, मुरड भट्टीत थोडी उकलते, पण लेकीच्या बोटांना ती वळण्याची सवय लागेल. माझ्या नातीनं नॉटिंगहॅमला पहिली मुरड अशीच शिकली, सात वर्षांची असताना, स्टुलावर उभी राहून. तिची बोटं दर वेळी थोडी पुढे घसरायची, आणि ती दर वेळी मागे येऊन तीच घडी पुन्हा घालायची.

आता तुमचं 'वरून काळं, खालून कच्चं'. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली लहानशी भट्टी. तापणारी कॉइल वर असते आणि पंखा गरम हवा जोरात फिरवतो. पदार्थ कॉइलच्या जवळ, म्हणून वरची बाजू आधी पळते. पाकिटावर लिहिलेलं तापमान मोठ्या ओव्हनचं असतं. तिथे २०० डिग्री असेल तर तुम्ही १८० धरा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ३५०च्या आसपास. रिकामं भांडं तीन-चार मिनिटं तापवा. पफ एका थरात, मधे बोटभर अंतर ठेवून मांडा. पाच लिटरच्या भांड्यात तीन, फार तर चार. आठ मिनिटांनी हलक्या हातानं उलटा आणि आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. आपल्या आया पहिली एकच करंजी सोडून तेल बघायच्या ना, तसा पहिला पफ एकटा करून बघा. प्रत्येक यंत्राची धग वेगळी असते. तुमच्या यंत्राचे आकडे एकदा कळले की डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. तापवताना आत नुसता कागद ठेवू नका. मुलीकडे मी ठेवला होता. पंख्यानं तो उचलला, कॉइलला टेकला आणि त्याच्या कडा काळ्या पडल्या. वेळीच बंद केलं म्हणून निभावलं. भोकं असलेला बेकिंगचा कागद वापरा आणि वर पफ ठेवल्यावरच तो आत जाऊ द्या. आणि फळाचा पाक तेलाइतकाच भाजतो. बाहेरून पफ कोमट लागला तरी आतलं सारण जिभेला चटका देतं. मुलांच्या हातात दहा-पंधरा मिनिटांनीच द्या.

फिलोची पारीही मिळते, पण पहिल्या प्रयत्नाला नको. कागदासारखी पातळ असते, तूप न लावता ठेवली तर पंख्यानं उडते.

शाळेचं म्हणाल तर आधी शिक्षकांना विचारा. अनेक शाळांत काजू-बदाम-शेंगदाणे चालत नाहीत. सफरचंद, बेदाणा, वेलचीचं सारण अशा वेळी बरं. डब्याला लहानशी चिठ्ठी लावा, आत काय आहे ते लिहून.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं खोडायला जाऊ नका, कारण ते बरोबर आहे. तुपात फुललेल्या करंजीला जो वास आणि जो खुसखुशीतपणा असतो तो या पफला येत नाही, आणि रवा-मैद्याची आपली पारी एअर फ्रायरमध्ये टाकली तर ती फिकट आणि कडक होते. लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यापुरत्या पाच करंज्या लहान कढईत, मंद आचेवर, खिडकी उघडून तळा. पाचांना फार धूर होत नाही. बाकी डबाभर हे पफ. त्यांना करंजी म्हणायचं नसेल तर फळांचे पफ म्हणा. सासूबाईंना मात्र कॉल लावून विचारा, साट्याला तूप किती वेळ फेसायचं, सारण कोरडं झालं हे कसं ओळखायचं. नात कढई ढवळत असेल तेव्हाच लावा कॉल. चाळीस दिवाळ्यांचा अनुभव त्यांच्याकडे आहे आणि तो विचारणारं कुणी आता जवळ नाही. 'नका गं म्हणू' म्हणताना त्यांच्या मनात ते असेल, असं मला वाटतं.

दिवाळीच्या आठवड्यात धावपळ नको असेल तर पफ भरून, कच्चेच, ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये गोठवा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर राहतात. भाजताना वितळवू नका. तसेच गोठलेले १७० डिग्रीवर दहा मिनिटं, मग उलटून १८० वर पाच-सहा. भाजलेले उरले तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामट होतात. १५० वर तीन मिनिटं पुरतात.

शाळेच्या दिवशी सकाळी सातला भाजलेत तर डब्याचं झाकण साडेसातपर्यंत उघडं ठेवा. गरम असताना झाकण लावलं की आतल्या वाफेनं पापुद्रे नरम पडतात, आणि लेक डबा उघडेल तेव्हा ते कुरकुरीत हवेत.