रंधा मशीनवर फळीच्या शेवटी खड्डा पडतो आणि हाताची पण भीती वाटते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड सहा इंची रंधा मशीन घेतलंय, फळीच्या शेवटच्या इंच-दोन इंचात खड्डा पडतोय आणि हात ब्लेडवरून जाताना धस्स होतंय. माझं पण कोल्हापुरातच फर्निचरचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खड्डा पडतोय म्हणजे मागचं टेबल, म्हणजे फळी जिकडं बाहेर निघते ते, ब्लेडपेक्षा खाली आहे. फळीचं शेपूट पुढच्या टेबलावरून, म्हणजे जिकडून फळी आत घालता त्याच्यावरून सुटलं की ती खाली बसते आणि ब्लेड तिथं जास्त खातं. मशीनचा प्लगच काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही. मग मागच्या टेबलावर सरळ स्टीलची पट्टी ठेवून ती ब्लेडवर येऊ द्या आणि पुली हातानं हळू फिरवा, ब्लेड पट्टीला नुसतं चाटून गेलं पाहिजे. प्रत्येक ब्लेड दोन्ही टोकांना असंच बघा. टेबल उलट वर राहिलं तर फळीचं तोंड त्याच्यावर अडकतं नाहीतर कड निमुळती निघते. हे सेटिंग बसलं की अर्धी भीती पण जाते बघा, कारण फळी आपोआप सरळ चालते आणि तुम्हाला जोर लावायला लागत नाही, आणि हात जातो तो बहुतेक जोर लावतानाच घसरून.

कट अर्धा ते एक मिलिमीटरच ठेवा, सागवान असो नाहीतर बाभूळ, घाई असली तरी दोनदा फिरवा. बाक आलेली फळी पोकळ बाजू खाली करून घाला म्हणजे दोन टोकांवर टेकते आणि डुलत नाही, आणि वरून दाबून सपाट करू नका, दाब काढला की ती परत वाकडीच होते. वीतभर फळी पलीकडं गेली की दाब मागच्या टेबलावरच्या हातानं द्यायचा, ब्लेडच्या बरोबर वर हात कधीच नको. सपाट बाजू मारताना दोन्ही हातात पुश ब्लॉक, म्हणजे फळी ढकलायचे ठोकळे पाहिजेतच, प्लायच्या तुकड्याला खाली रबर आणि मागं टाच लावून घरीच होतात.

लाकडाच्या रेषा पण बघा. फळीच्या कडेला बघितलं तर रेषा तुमच्याकडं येताना खाली उतरत्या पाहिजेत, उलट्या असल्या तर ढलप्या उपटून निघतात आणि फळी झटका देते. गाठीपाशी अजून सावकाश.

फूटभरापेक्षा आखूड किंवा अर्ध्या इंचापेक्षा पातळ तुकडा या मशीनवर घालू नका, त्याला हातरंधा आहे. हातमोजे तर अजिबात नकोत, लोकांना वाटतं त्यानं हात वाचतो पण कापड ब्लेडमध्ये अडकलं की हातालाच ओढून घेतं. बाह्या वर, गॉगल लावा, आणि ढलप्या साफ करायच्या असल्या तर मशीन पूर्ण थांबल्यावर ब्रशनं.

सेकंडहँड मशीनला गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, बहुतेक नसतोच, आधीच्या मालकानं अडचण होते म्हणून काढून टाकलेला असतो. तुमच्याला नसेल तर उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्प्रिंगवर परत येणारा करून घ्या, फळी सरकेल तसा बाजूला होतो आणि गेली की ब्लेड झाकतो. त्याच्याशिवाय मी कुणाला मशीन चालू करा म्हणून सांगणार नाही.

जुन्या वाड्याचं सागवान घेत असाल तर आधी चुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतात, एका खिळ्यात सगळ्या ब्लेडची धार जाते. धार लावताना सगळी ब्लेडं एकदमच द्या, वजनात फरक पडला तर ब्लेडं बसवलेला रोलर थरथरतो.

आणि एक, दोन्ही बाजू समांतर या मशीनवर होत नाहीत, दुसरी बाजू थिकनेसरवरच, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनवरच मारायची. पहिली बाजू सपाट झाली की ती फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला टेकवून कड मारा, त्याआधी फेन्स काटकोनात आहे का ते गुण्यानं तपासा. दोन कडा मारून एकमेकीवर ठेवा आणि उजेडाकडं धरा, फट दिसली तर परत मागच्या टेबलापासून चेक करा.